वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

वसई-विरार पट्ट्यातल्या एखाद्या लग्नाच्या स्वागतसमारंभाला गेलात, तर जेवणाच्या टेबलांपासून जरा दूर, एका कोपऱ्यात, चकचकीत धातूचे एक यंत्र फुसफुसताना हमखास दिसते. यंत्रावरचा माणूस स्टीलच्या जगमध्ये दूध घेतो, त्यात कॉफीची पूड आणि साखर टाकतो, यंत्राची नळी दुधात बुडवतो आणि झडप उघडतो. शेजारच्याशी बोलणे अशक्य व्हावे इतका आवाज होतो, दूध फुगून वर येते, आणि फेसावर चिमूटभर चॉकलेटची पूड भुरभुरून पेला आपल्या हाती येतो. लहान मुले तर जेवणाआधीच तिथे रांग धरतात. या पेयाला आपण सगळे ‘एक्स्प्रेसो कॉफी’ म्हणतो.

इटलीतल्या माणसाला हा पेला दिला तर तो आवडीने पिईलही, पण त्याला एस्प्रेसो म्हणणार नाही. त्याची एस्प्रेसो म्हणजे लहानशा कपात जेमतेम २५-३० मिलिलिटर, काळी, दाट, आणि वर तांबूस सायीचा थर असलेली कॉफी. तिच्यात दूध नसते, आणि ती करताना कॉफीवर वाफ सोडलेली नसते. मग एकाच नावाच्या या दोन कॉफ्या आल्या कोठून? आणि लग्नातली ‘खोटी’ व इटलीची ‘खरी’ असे म्हणणे तरी कितपत बरोबर?

हा प्रश्न आम्हाला पडला तो जरा महागात. काही वर्षांपूर्वी आम्ही घरासाठी कॉफीचे एक यंत्र आणले. पेटीवर ठळक अक्षरांत ‘एस्प्रेसो’ असे छापले होते, किंमतही शिक्षकाच्या पगाराला झेपणारी होती. दुधाला फेस उत्तम येई. कॉफी मात्र काळी, पातळ आणि जळकट कडू होई. पूड बदलली, प्रमाण बदलले, पाणी बदलले. दोष आपल्या हाताचा असे समजून दोन महिने कडू कॉफी प्यालो. शेवटी यंत्राच्या इतिहासाची पाने चाळली तेव्हा उलगडा झाला. यंत्र बिघडलेले नव्हते आणि आमचेही फारसे चुकत नव्हते. आम्ही तत्त्वाने १९०१ सालचे यंत्र विकत घेतले होते आणि त्याच्याकडून १९४८ सालच्या कॉफीची अपेक्षा करत होतो.

पेटीवर कंपनीचे नाव असते, वॉट असतात, हमीची मुदत असते. आतले तत्त्व कोणत्या वर्षाचे, हे कोणी छापत नाही. ते कसे ओळखायचे, एवढेच या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र आठवी-नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

वाफेचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालत नव्हते असे थोडेच काही होते. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. १२ एप्रिल १८६७ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने विरार ते मुंबईचे बॅक बे अशी लोकल सुरू केली. दिवसाला जाण्याची एक आणि येण्याची एक. आजच्या ‘विरार फास्ट’ची ही पणजी वाफेच्या इंजिनावर धावे. वेळेचे मोल वाढू लागले होते, आणि वेळ वाचवायचा तर वाफ, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के होत होते.

युरोपातल्या कॉफीगृहांची अडचणही वेळेचीच होती. पूड गरम पाण्यात भिजत ठेवायची, मग गाळायची, यात पाच-सहा मिनिटे सहज जात. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की मालक हवालदिल. इटलीतील तोरिनो शहरच्या आंजेलो मोरियोंदो याने वाफेच्या दाबाने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट १८८४ साली घेतले आणि त्याच वर्षीच्या तोरिनोच्या प्रदर्शनात ते मांडले. त्यातून एका वेळी पुष्कळ कॉफी तयार होई. मात्र मोरियोंदोने त्याचे कारखान्यात उत्पादन केले नाही, आणि त्याचे नाव बराच काळ विस्मरणात गेले.

पुढचे पाऊल मिलानच्या लुइजी बेझेराचे. १९०१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केलेल्या यंत्रात एका वेळी एकाच गिऱ्हाइकाची कॉफी होत असे. दांडी असलेल्या लहान चाळणीत पूड भरायची, ती यंत्राच्या तोंडाला अडकवायची आणि झडप उघडायची. बॉयलरमधल्या वाफेचा दाब उकळते पाणी पुडीतून रेटी, आणि कॉफी थेट कपात पडे. ती दांडीची चाळणी आजच्या यंत्रांतही जवळपास तशीच आहे. बेझेराचे हक्क देसिदेरिओ पाव्होनी याने विकत घेतले, १९०५ साली उत्पादन सुरू केले, आणि १९०६ च्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आणले. जादा दाब सोडून देणारी झडप आणि वाफेची वेगळी नळी ही याच पिढीच्या यंत्रांची देणगी. लग्नातल्या यंत्राची नळी ती हीच. तिची आठवण ठेवू या, पुढे तिचे काम आहे.

‘एस्प्रेसो’ या शब्दाला इटालियन भाषेत दोन-तीन छटा आहेत: दाबून बाहेर काढलेले, खास एकासाठी केलेले, आणि जलद. आगगाडीची ‘एक्स्प्रेस’ याच कुळातली. हे नाते त्या काळच्या व्यापाऱ्यांनीही ओळखले होते. ‘व्हिक्टोरिया आर्दुइनो’ यंत्रासाठी चित्रकार काप्पिएल्लोने १९२२ साली केलेल्या प्रसिद्ध जाहिरातीत धावत्या गाडीतून बाहेर झुकलेला प्रवासी यंत्रातून कॉफी भरून घेताना दाखवला आहे. तेव्हा आपण जिला ‘एक्स्प्रेसो’ म्हणतो तो उच्चार अगदीच अनाठायी नाही.

वाफेची लक्ष्मणरेषा

या यंत्रांची कॉफी जलद होई, पण जळकट आणि कडू लागे. कारण समजण्यासाठी स्वयंपाकघरातला कुकर पुरेसा आहे.

उघड्या पातेल्यात, समुद्रसपाटीला, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कितीही आच वाढवा, पातेल्यातले पाणी त्याहून गरम होत नाही. कुकरचे झाकण लावून शिट्टी ठेवली की वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि त्याबरोबर उत्कलनबिंदूही वर सरकतो. म्हणून कुकरमध्ये डाळ लवकर शिजते. हे तत्त्व डेनिस पापाँ याने १६७९ साली आपल्या ‘डायजेस्टर’ नावाच्या भांड्याने दाखवून दिले होते. दाब आणि तापमान यांचे हे नाते ठरलेले आहे:

वातावरणाच्या वरचा दाब शून्य असेल तर पाणी १०० अंशांना उकळते;
दाब १ बार असेल तर १२० अंशांना (घरगुती कुकर);
दीड बार असेल तर सुमारे १२७ अंशांना;
५ बार असेल तर सुमारे १५९ अंशांना;
९ बार असेल तर सुमारे १८० अंशांना.

(एक बार म्हणजे ढोबळमानाने वातावरणाचा एक दाब, किंवा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम वजन.)

बेझेराच्या पद्धतीच्या यंत्रात दीड बारच्या आसपास दाब असे. म्हणजे बॉयलरमधले पाणी १२५ अंशांच्या पुढे. पुडीपर्यंत येताना ते थोडे निवले तरी कॉफीला ते फारच गरम. कॉफीच्या पुडीतून आंबट, गोड आणि कडू असे निरनिराळे घटक पाण्यात उतरतात. पाणी कोमट असेल तर आंबट चव पुढे राहते. फार गरम असेल तर कडू आणि तुरट घटक भराभर उतरतात. सर्वांचा मेळ बसतो तो साधारण ९० ते ९४ अंशांना.

आता पेच ध्यानात येईल. दाट कॉफी हवी तर पूड बारीक हवी. बारीक पुडीतून पाणी झटपट जायचे तर दाब जास्त हवा. दाब वाफेने वाढवावा तर तापमान वाढते आणि कॉफी जळते. नऊ बार दाब नुसत्या वाफेने आणायचा तर पाणी १८० अंशांना न्यावे लागेल! आच वाढवून हा पेच सुटणारा नव्हता, कारण दाब आणि तापमान हे दोन बैल एकाच जोखडाला जुंपलेले होते. ते जोखड काढायला सदतीस वर्षे लागली.

मधला थांबा: अष्टकोनी भांडे

दरम्यान कॉफी घराघरात नेण्याचे काम एका साध्या भांड्याने केले. क्रुझिनाल्लो गावचा अल्फोन्सो बियालेत्ती ॲल्युमिनियमचे ओतकाम जाणणारा कारागीर. १९३३ साली त्याने ‘मोका एक्स्प्रेस’ बाजारात आणले. खालच्या भागात पाणी, मधल्या गाळणीत पूड, वर कॉफी साठायला रिकामी जागा. भांडे गॅसवर ठेवले की खालच्या भागात अडकलेली हवा आणि वाफ पाण्याला नळीतून वर ढकलते. हवाही प्रसरण पावत असल्याने पाणी शंभर अंश गाठण्याआधीच चढू लागते, म्हणून सुरुवातीची कॉफी चांगली असते. खालचे पाणी संपत आले की उरलेली वाफ गुडगुडत पुडीतून जाते आणि कडवटपणा घेऊन येते. गुडगुड सुरू होताच आच बंद करावी, ही जाणत्यांची सूचना आली ती यातूनच.

मोकामधला दाब फार तर दीड-दोन बार. त्यामुळे तिची कॉफी एस्प्रेसोइतकी दाट नसते आणि तिच्यावर साय धरत नाही. पण ती कडक असते, दुधात घातली तरी हरवत नाही. आणि वीज गेली तरी ती होते, हा गुण आपल्याकडे लहान मानू नये.

हात आणि स्प्रिंग

जोखड काढले ते मिलानच्याच एका कॉफीगृहाच्या मालकाने. आकिल्ले गाज्जा हा काही इंजिनिअर नव्हता. वाफेशिवाय कॉफी करण्याचे पहिले पेटंट त्याने १९३८ साली नोंदवले. मग महायुद्ध आले. युद्ध संपल्यावर १९४७-४८ च्या सुमारास त्याने आपली कल्पना पूर्णत्वाला नेली आणि यंत्रे बाजारात आणली.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. बॉयलरने पाणी फक्त गरम करायचे. दाबण्याचे काम वाफेकडे ठेवायचेच नाही. गरम पाणी एका लहान नळकांड्यात घ्यायचे. लांब दांड्याची तरफ खाली ओढली की नळकांड्यातली भक्कम स्प्रिंग आवळली जाते. दांडा सोडला की स्प्रिंग उलगडते आणि दट्ट्या पाण्याला पुडीतून रेटतो. दाब एकदम आठ-नऊ बारवर गेला, आणि पाणी मात्र नव्वदीतच राहिले. बैल वेगळे झाले.

नऊ बार म्हणजे किती, याचा अंदाज मुलांकडून काढून घेण्यासारखा आहे. आजच्या प्रचलित चाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ काढा: सुमारे २६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला नऊ किलोपेक्षा किंचित जास्त भार धरला तर पुडीच्या त्या लहानशा चकतीवर सुमारे २४० किलो वजन पडते. म्हणजे तीन-चार धडधाकट माणसे एका बिस्किटावर उभी राहावीत तसे!

या दाबातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. कॉफी भाजताना दाण्यांत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बराचसा आतच अडकून राहतो. जास्त दाबाखाली तो पाण्यात विरघळतो. कॉफी कपात पडताच दाब नाहीसा होतो आणि सोडावॉटरची बाटली उघडावी तसा वायू बाहेर येतो, पण अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने. कॉफीतले तेलाचे कण आणि भाजताना बनलेले तपकिरी पदार्थ त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. झाला तांबूस सायीचा थर! पहिल्यांदा पाहणाऱ्या गिऱ्हाइकांना तो मळीचा फेस वाटला. गाज्जाने त्यालाच ‘क्रेमा’ म्हणजे साय म्हटले आणि आपल्या कॉफीचे वैशिष्ट्य म्हणून मिरवले. नळकांड्यात मावेल एवढेच पाणी, म्हणून कपही लहान झाला. आज जिला आपण अस्सल इटालियन परंपरा समजतो, ती मूळ एस्प्रेसो यंत्राहून सुमारे पन्नास वर्षांनी लहान आहे.

ग्रहण आणि पंप

तरफ ओढणे हे ताकदीचे काम. दिवसाला शेकडो कप काढणाऱ्याचे खांदे दुखून येत, आणि दांडा हातातून निसटला तर हनुवटी फुटे. फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंते याने १९६१ साली हे काम विजेच्या पंपाला दिले. पंप पाणी नऊ बारने ढकलतो. ते पाणी बॉयलरच्या आतून जाणाऱ्या एका नळीतून वाहता वाहता गरम होते, बॉयलरच्या पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे एकाच यंत्रात एकीकडे कॉफीसाठी नव्वदीतले पाणी आणि दुसरीकडे दुधासाठी सव्वाशे अंशांची वाफ अशी दोन्ही कामे होऊ लागली. या यंत्राचे नाव ‘ई ६१’. ‘ई’ हे ग्रहण या अर्थाच्या इटालियन शब्दाचे आद्याक्षर. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, त्याची ही आठवण.

विरारच्या गाडीचाही प्रवास असाच झाला. १९३६ साली विजेची लोकल विरारपर्यंत आली आणि इंजिनाची वाफ मागे पडली. त्याच वर्षी, त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. तिथली कॉफी एस्प्रेसो नव्हती, पण चहाच्या मुलखात कॉफी पिण्याची सवय लावण्यात अशा जागांचा वाटा मोठा आहे.

घरगुती यंत्रांत एवढा मोठा पंप मावत नाही. त्यांत बहुधा ‘कंप-पंप’ असतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की चुंबकत्व निर्माण होते आणि लोखंडी दट्ट्या ओढला जातो. वीज थांबली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यांतला प्रत्येकी अर्धा भाग डायोडने अडवलेला; म्हणून दट्ट्या सेकंदाला ५० हेलकावे घेतो. यंत्र घरघरते ते त्यामुळे. विद्युतचुंबकाचा धडा शिकवताना विजेच्या घंटेशेजारी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पेटीवरच्या ‘१५ बार’ या आकड्याचा अर्थही येथे सांगितला पाहिजे. तो पंपाचा कमाल दाब असतो, म्हणजे पाण्याला वाटच नसेल तेव्हाचा. कॉफीला हवा नऊच्या आसपास. तेव्हा १५ पेक्षा २० बार चांगले, ही दुकानदाराची बोलणी मनावर घेऊ नयेत.

लग्नातले यंत्र

आता मांडवात परत येऊ. तिथल्या यंत्रात कॉफीची चाळणी बहुधा नसतेच. पूड वापरतात ती झटपट विरघळणारी. या पुडीचाही इतिहास मोठा मौजेचा आहे. विरघळणारी कॉफी करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. पण साटोरी काटो या रसायनज्ञाने अमेरिकेतील बफेलोच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आणली १९०१ साली, म्हणजे बेझेराने अर्ज केला त्याच वर्षी. आणि स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे विक्रीला आली १९३८ साली, म्हणजे गाज्जाच्या पहिल्या पेटंटच्या वर्षी! कॉफी झटपट कशी मिळावी, या एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळत होती. इटालियनांनी यंत्र गिऱ्हाइकापुढे आणले. दुसऱ्यांनी अर्क काढण्याचे काम कारखान्यात उरकून कोरडी पूड घरी पाठवली.

आपल्या लग्नातले यंत्र म्हणजे या दोन वाटांचा संगम. कॉफी कारखान्यात आधीच ‘काढलेली’ आहे. तिच्यावर दाब देण्याची गरज उरलेली नाही. उरते काम दुधाचे, आणि त्यासाठी पाव्होनीच्या काळची वाफेची नळी पुरेशी आहे. म्हणून या यंत्राला खोटे म्हणू नये. तो एस्प्रेसो यंत्राचा अर्धा भाग आहे, आणि आपल्या अर्ध्या कामात तो वाकबगार आहे.

किती वाकबगार, ते गणिताने पाहा. फ्रिजमधले ५ अंशांचे १५० ग्रॅम दूध ६० अंशांपर्यंत तापवायचे आहे. दुधाची विशिष्ट उष्णता ०.९३ धरली तर सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. एक ग्रॅम वाफ पाणी होताना ५४० कॅलरी देते, आणि ते पाणी १०० वरून ६० अंशांवर येताना आणखी ४० देते. म्हणजे जेमतेम १३ ग्रॅम वाफ पुरते! दुधात पाणी मिसळते ते एवढेच. अप्रकट उष्णता म्हणजे काय, हे याहून चवदार उदाहरणाने शिकवता येईल असे वाटत नाही. वाफेबरोबर ओढली गेलेली हवा दुधातली प्रथिने पकडून ठेवतात आणि फेस होतो. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे दूध नेले तर शिजल्याचा वास येऊ लागतो.

भारतातल्या शहरांत पंपाची एस्प्रेसो सर्रास मिळू लागली ती नंतर. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान बंगळुरूमध्ये १९९६ साली निघाले, बरिस्ता २००० साली आली. आमच्या पिढीने ‘एक्स्प्रेसो’ आधी मांडवात प्यालेली. दुकानात जाऊन तीच मागितली, तेव्हा अंगठ्याएवढ्या कपातला काळा घोट समोर आला आणि पैसे गेले असेच पुष्कळांना वाटले. फसवणूक कोणीच केली नव्हती. एकाच नावाखाली दोन काळ नांदत होते.

मग घरी काय आणावे?

यंत्राच्या आधी आपली जीभ ओळखावी. स्वतःला एवढेच विचारावे: कॉफी दुधाची हवी की काळी?

लग्नातल्या कॉफीसारखी, गोड आणि फेसाळ हवी असेल तर मोठा खर्च करू नये. पंप नसलेले, वाफेवर चालणारे साधे यंत्र चालेल. पेटीवर ३.५ किंवा ५ बार लिहिले असेल आणि पाणी ओतून स्क्रूचे झाकण घट्ट लावायचे असेल, तर ते याच जातीचे. आमचे पहिले यंत्र असेच होते. त्यात काळी कॉफी काढायचीच असेल तर पहिली धार घ्यावी आणि रंग फिका पडताच थांबावे. शेवटपर्यंत चालू दिले की जळकट वास येणारच. आम्ही ते दोन महिने शेवटपर्यंत चालू देत होतो. झाकण मात्र दाब पूर्ण उतरल्याशिवाय उघडू नये. कुकरचा नियम तोच येथे.

कडक कॉफी दुधात घालून पिणाऱ्यांना मोका किंवा दाक्षिणात्य पितळी फिल्टर उत्तम. फिल्टरमध्ये दाब नाही, आहे ते केवळ गुरुत्वाकर्षण आणि धीर. चार माणसांच्या घरात सकाळी चार कप एकदम व्हायचे तर एकेक कप काढणाऱ्या यंत्रापेक्षा हीच सोय बरी.

काळी, सायीची एस्प्रेसो हवी असेल तरच पंपाकडे वळावे. पण मग पैशाची वाटणी नीट करावी. पाण्याला अडवणारी पूडच असते. ती जाड असेल तर नऊ बार दाब तयारच होत नाही, फार बारीक असेल तर पाणी थेंबथेंब गळते. इटलीच्या एस्प्रेसो संस्थेचे माप आहे ७ ग्रॅम पूड, ८८ अंशांचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद आणि २५ मिलिलिटर कॉफी. हे साधायला दळण दर खेपेस थोडे बारीक-जाड करता आले पाहिजे. म्हणून यंत्र मध्यम घ्यावे, पण दळणी चांगली घ्यावी. दळणीचा खर्च नको असेल तर दुहेरी तळाची चाळणी असलेले यंत्र पाहावे. तिच्या तळाला एकच बारीक छिद्र असते आणि दाब पुडीऐवजी ते छिद्र तयार करते. साय दिसते, चव मात्र तेवढी खुलत नाही. १९८६ पासून मिळणाऱ्या कॅप्सूलच्या यंत्रांत कष्ट सर्वांत कमी. पण दर कपामागे खर्च जास्त आणि कचराही.

हाताने काम करण्यात आनंद असणाऱ्यांनी तरफेचे यंत्र घ्यावे. त्यात पंप नाही, बिघडण्यासारखे थोडे. पण शिकायला वेळ लागतो.

वसई-विरारकरांना एक जादा सूचना. जिथे नळाचे पाणी अपुरे पडते आणि टँकर किंवा कूपनलिकेवर भागवावे लागते, तिथे पाणी बरेचदा जड असते. तापवल्यावर त्यातले कॅल्शियमचे क्षार कार्बोनेट होऊन बॉयलरच्या भिंतीवर पांढरा थर धरतात. किटली आतून पांढरी होत असेल तर यंत्राच्या अरुंद नळ्यांत काय होत असेल याची कल्पना करावी. अशा घरी पिण्याचे गाळलेले, क्षार कमी केलेले पाणी वापरावे आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे लिंबूसत्त्वाने यंत्र वेळोवेळी धुवावे.

वर्गात यंत्र नेण्याची गरज नाही. सुई नसलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तळाला कापूस, त्यावर चमचाभर जाड दळलेली कॉफी आणि कोमट पाणी घेऊन दट्ट्या दाबायला द्यावा. मग बारीक पूड घेऊन तेच करायला सांगावे. सिरिंजचा आतला व्यास सुमारे २ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. अंगठ्याने तीन किलोचा जोर लावला तर कॉफीवर एक बार पडतो. नऊ बारसाठी किती जोर लागेल, ते मुलांनाच काढू द्यावे. प्रत्यक्ष लावू मात्र देऊ नये, सिरिंज फुटते.

आणि पुढच्या लग्नसराईत एक गृहपाठ. मांडवातल्या कॉफीयंत्रावर बहुधा घड्याळासारखी दाबाची तबकडी असते. वाफेच्या नळीपासून हातभर दूर उभे राहून, यंत्रावरच्या काकांना विचारून, काटा किती दाखवतो ते टिपून आणायचे. वर दिलेल्या आकड्यांवरून बॉयलरमधल्या पाण्याचे तापमान काढायचे. ते काढून झाले की रांगेत उभे राहायचे.